जुन्या गिझरचा थर्मोस्टॅट: रॉडवाला, कॅपिलरीवाला, वायफाय स्विच की सरळ नवा गिझर?

वायरमनने "थर्मोस्टॅट गेलाय" सांगितलं की लगेच पार्ट आणायला पळू नका, आधी खरंच तोच गेलाय का बघा. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की तापवणाऱ्या कॉइलची वीज बंद करणारा स्विच. हीटिंगचा दिवा लागतोय पण पाणी गारच, तर बहुतेक कॉइल गेली. एमसीबी किंवा ईएलसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतोय तर बहुतेक कॉइल शॉर्ट झालीय किंवा लीकेज देतेय, त्यात थर्मोस्टॅटचा सहसा संबंध नसतो. दिवाच लागत नाही, किंवा उलट दिवा बंदच होत नाही आणि नळातून वाफाळतं पाणी येतंय, तेव्हा मात्र थर्मोस्टॅट किंवा कटआउटवर (पाणी फारच तापलं तर वीज तोडणारा सुरक्षेचा स्विच) संशय घ्या.

आता पर्याय. जुन्या १५-२५ लिटरच्या गिझरमध्ये बहुतेक वेळा रॉडवाला थर्मोस्टॅट असतो, म्हणजे एक लांब दांडी, आत दोन वेगवेगळे धातू, गरम झाल्यावर एक जास्त वाढतो आणि स्विच बंद होतो, बस. काहीशे रुपयांत मिळतो, दांडी कोरड्या नळीत बसते त्यामुळे टाकी रिकामी करावी लागत नाही, मेन बंद करून काम पटकन होतं. फक्त दांडीची लांबी आणि अँपिअर जुन्यासारखेच हवेत, २ किलोवॅटची कॉइल जवळपास ९ अँपिअर खेचते, म्हणून १६ च्या खालचा घेऊच नका. पुण्यात तपकीर गल्लीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, जाताना जुना पार्ट काढून सोबत न्या, तोंडी वर्णनावर भलताच हातात पडतो.

कॅपिलरीवाल्यात पातळ नळी असते, तिच्या टोकाला धातूची छोटी बंद कुपी असते, तिला बल्ब म्हणतात, त्यातलं द्रव गरम होऊन पसरलं की स्विच बंद होतो. फायदा हा की बहुतेकांना बाहेर नॉब असतो, तापमान हवं तसं ठेवता येतं. पण तुमच्या गिझरमध्ये मुळात तो असेल तरच हाच घाला. रॉडवाला काढून कॅपिलरी बसवायची जुळवाजुळव मला अजिबात पटत नाही, बल्ब नीट चिकटून बसला नाही तर त्याला पाण्याचं खरं तापमान कळतच नाही. आणि वीजबिलाचं म्हणाल तर दोघांत फारसा फरक नाही, फरक पडतो सेटिंगने. ७५ ऐवजी ६० अंशांवर ठेवलं तर उष्णता कमी वाया जाते आणि क्षारही कमी साचतात. त्याहून फार खाली मात्र कायमचं ठेवू नका, कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

वायफाय स्विचबद्दल हल्ली खूप जण विचारतात. टायमर म्हणून छानच आहे, १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला २ किलोवॅटच्या कॉइलला साधारण २० मिनिटं आणि ०.६ युनिट लागतं, म्हणजे सकाळी अर्धा तास लावला तरी पुरतं. पण त्याला तापमान कळत नाही हो, तो थर्मोस्टॅटची जागा घेऊच शकत नाही. घ्यायचाच तर १६ अँपिअरचा, आणि चालू थर्मोस्टॅटच्या जोडीला.

खरा निर्णय ठरतो तुमच्या पाण्यावर. सदाशिव पेठ, कोथरूड अशा ठिकाणी खडकवासल्याचं पाणी येतं, त्यात क्षार कमी, तिथे जुन्या गिझरलाही नवा थर्मोस्टॅट घालणं अगदी योग्य. वाघोली, उंड्री किंवा सूसकडे टँकर नाहीतर बोअरवर असाल तर कॉइलवर पांढरा थर बसतो, उष्णता पाण्यात न जाता कॉइल आणि थर्मोस्टॅटच्या नळीपाशीच अडकते, मग थर्मोस्टॅट वेळेआधीच बंद होतो आणि पाणी कोमट मिळतं. अशा वेळी नुसता पार्ट बदललात तर नवाही तेच करणार. आधी टाकी उघडून डिस्केलिंग करा, म्हणजे क्षारांचा थर काढा, अनोड रॉड (स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवणारी दांडी) झिजला असेल तर तोही बदला. टाकीच गळत असेल, खालून गंजाचे ओघळ दिसत असतील, तर मग एक रुपयाही घालू नका, नवा घ्या, आणि घेताना टाकीची वॉरंटी आणि वीजबचतीचे स्टार बघा.

सोसायटीत सोलर आहे आणि गिझर फक्त पावसाळ्यात लागतो, त्यांना साधा रॉडवाला भरपूर झाला.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. पार्ट मिळत नाही म्हणून थर्मोस्टॅट काढून वायर "डायरेक्ट" करून देणारे भेटतात, तात्पुरतं म्हणतात आणि ते तसंच वर्षभर राहतं. त्यात कटआउटही बाजूला काढलेला असेल तर पाणी उकळत राहतं, दाब वाढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह क्षारांनी जाम झाला असेल तर टाकी फुटू शकते, आणि खाली आंघोळीला कुणीतरी घरचंच उभं असतं. दोन दिवस गॅसवर पाणी तापवा, पण हे करू देऊ नका. थर्मोस्टॅट बदलताना कटआउटही नवा घाला, किमतीत विशेष फरक पडत नाही. अर्थिंग तिथेच तपासून घ्या. टाकी उघडली असेल तर गॅस्केट (झाकणाखालचं रबरी सील) नवीन, आणि स्विच लावण्याआधी गरम नळातून सलग धार येईपर्यंत टाकी भरू द्या, कोरडी कॉइल लगेच जळते.