कॉइलला लेप लावला आणि डिटेक्टर बहिरा झाला

लिहायची लाज वाटते, पण तो लेप विकणारा माणूस अजून डबे विकतोय, म्हणून लिहितो.

मी नवशिका नाही. सहा वर्षं मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधणारं यंत्र, वापरतोय. दगडगोट्यांवर घासून कॉइलचं, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या चकतीचं, प्लास्टिक झिजतं, तडा गेला की पाणी आत जातं. कव्हर घातलं तर त्यात वाळू अडकते आणि यंत्र किरकिरतं. त्यामुळे ‘घरी बनवलेला, दगडालाही दाद न देणारा काळा लेप’ ही जाहिरात मला खुळचट वाटली नाही. कोणालाही वाटली नसती! 250 मिलीचे 2 डबे मागवले. पैसे पूर्ण, आगाऊ.

डबा हातात घेतला तेव्हाच कळायला हवं होतं. एवढासा प्लास्टिकचा डबा, काट्यावर 610 ग्रॅम. नुसती इपॉक्सी (असल्या लेपातली घट्ट होणारी राळ) एवढी जड नसतेच. मी चक्क फोन करून विचारलं. ‘साहेब, दर्जेदार मालाला वजन असतंच,’ म्हणाला. आणि मी खूश!

त्याहून वाईट म्हणजे त्याचा व्हिडिओ. कॉइल खडकावर खसाखसा घासतो, ओरखडा नाही. मी चार वेळा पाहिला. यंत्र बंद होतं. पूर्ण व्हिडिओत एक बीप नाही, आणि हे माझ्या लक्षात आलं ते कॉइल गेल्यावर.

3 थर दिले. सुकल्यावर यंत्र चालू केलं तर नुसता कलकलाट. सेन्सिटिव्हिटी पार खाली आणली तेव्हा गप्प झालं, पण आधी 20 सेंटिमीटरवर सापडणारं नाणं आता 7 वरही धड वाजेना. शेवटी लेपाला लोहचुंबक लावलं. चिकटलं. लेपात लोखंडाची भुकटी होती! कॉइलमधली सिग्नल पाठवणारी आणि ऐकणारी तारेची वेटोळी एकमेकांशी किती नाजूक तोलून बसवलेली असतात आणि लोखंडानं तो तोल कसा बिघडतो हे ज्याला माहीत नाही, तो कॉइलचे लेप विकतो. की माहीत असूनच विकतो?

तक्रार केली तर म्हणाला, अ‍ॅसिटोनने पुसा, निघून जाईल. लेप निघाला नाही, खालचं एबीएस प्लास्टिक मात्र मेणासारखं मऊ झालं. अ‍ॅसिटोन एबीएस विरघळवतं. लक्षात ठेवा. मला रागाच्या भरात आठवलं नाही.

इथून पुढे वरात. यंत्राच्या कंपनीनं वॉरंटी नाकारली, कारण ‘ग्राहकाने बदल केला’. जिथून मागवलं त्यांचं एकच पालुपद: वस्तू पोहोचली ना? बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं पाठवलेत. पोलीस ठाण्यात तर मीच आरोपी. ‘मेटल डिटेक्टर? गुप्तधन शोधता काय?’ तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून कहाणी, पुन्हा तोच गुप्तधनाचा विनोद. वर हे की कॉइल तुम्हीच वितळवलीत, मग पुरावा कुठाय? अहो, त्यानंच सांगितलं म्हणून वितळवली! तेही फोनवर सांगितलेलं. असल्या माणसाकडून सगळं लेखी घ्या.

काहीही लावायचं असेल तर आधी प्लास्टिकच्या तुकड्यावर लावा, सुकू द्या, लोहचुंबक फिरवा, मग तो तुकडा चालू कॉइलसमोर हलवा. यंत्र हूं की चूं करता कामा नये. दहा मिनिटांचं काम. मी केलं नाही.

उरलेला दीड डबा पुरावा म्हणून ठेवलाय. सध्या तक्रारींच्या कागदांवर वजन म्हणून वापरतो. त्या कामाला मात्र उत्तम आहे.