नव्या घरावरचं सोलर आणि ३० टक्क्यांचं गाजर

कॅलिफोर्नियात नवं घर बुक करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितेय. बिल्डरच्या सेल्स ऑफिसातल्या बाईंनी आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं, "सोलर घराच्या किमतीतच आहे, वर सरकारकडून ३० टक्के टॅक्स क्रेडिट." माहितीपत्रकाच्या पाठीमागे पेनाने हिशेबही मांडून दिला: सोलरचे २८,००० डॉलर, क्रेडिट ८,४००. आकड्याखाली ठळक दोन रेघा. "बाकीचे बिल्डर देत नाहीत हो" हेही वर. धादांत खोटं! २०२० पासून राज्याच्या नियमानेच बहुतेक नव्या घरांवर सोलर सक्तीचं आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात राहायला आलो. पुढच्या मार्चमध्ये आमच्या सीपीएने, म्हणजे कराचे कागद बघणाऱ्या अकाउंटंटने, या क्रेडिटचा फॉर्म ५६९५ भरायला घेतला आणि विचारलं, "पॅनेल कोणाच्या मालकीची?" क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होतानाच्या सह्यांच्या गठ्ठ्यात, कर्जाच्या कागदांच्या मधोमध, २५ वर्षांचा करार निघाला. पॅनेल तिसऱ्याच कंपनीची, आम्ही नुसते भाडेकरू. बारीक अक्षरात एक ओळ: कराच्या सगळ्या सवलती यंत्रणेच्या मालकाच्या. दरमहा भाडं, तेही दरवर्षी २.९ टक्क्यांनी चढणारं. घर विकायचं झालं तर हे लोढणं नव्या मालकाच्या गळ्यात बांधायचं, नाहीतर रक्कम मोजून मोकळं व्हायचं.

भाड्याच्या सोलरवर घरमालकाला हे क्रेडिट नसतंच. पॅनेल खरंच विकत मिळाली असती, तर घराच्या किमतीतला सोलरचा रास्त वाटा बिल्डरकडून लिहून घेऊन दावा करता आला असता, अर्थात त्याने स्वतः क्रेडिट घेतलेलं नसेल तर. आणि क्रेडिट म्हणजे हातात पडणारा चेक नव्हे. त्या वर्षीच्या देय करातून ते वजा होतं, उरलेलं पुढच्या वर्षी. बाईंनी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

आता बिल्डर म्हणतो, त्या बाई आमच्याकडे नाहीत आणि तोंडी बोलणं करारात धरत नाहीत. सोलर कंपनी म्हणते, बिल्डरशी बोला. कंत्राटदारांना परवाने देणाऱ्या राज्याच्या कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाकडे तक्रार टाकलीय, सोबत त्या माहितीपत्रकाचा फोटो. ते जपून ठेवलं हे बरं झालं.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. जुलै २०२५ मधल्या कायद्याने हे क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ नंतर बंद झालं. नव्या घराच्या बाबतीत खर्चाची तारीख सहीची नाही, राहायला गेल्याची धरतात. म्हणजे करार २०२५ चा असला तरी किल्ली २०२६ मध्ये मिळाली की हाती भोपळा. तरीही याच बिल्डरच्या दुसऱ्या वसाहतीत माझ्या मैत्रिणीला परवा तेच ३० टक्के ऐकवले गेले. तिने ईमेलवर विचारलं: मालक कोण, किमतीत सोलरचे किती, क्रेडिट कोण घेणार? उत्तर फोनवरून आलं. "हेच लिहून द्या" म्हटल्यावर फोनही बंद झाले.