घरी बायपॅप भाड्याने घेताय? परळच्या सर्व्हिसचा आमचा अनुभव

घरातला सीओपीडीचा, म्हणजे श्वासनळ्या आकसून दम लागायच्या जुनाट फुफ्फुसाच्या आजाराचा, पेशंट आयसीयूतून सुटून घरी येतोय आणि डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी "रात्री बायपॅप, सोबत ऑक्सिजन" असं लिहून दिलंय, अशांसाठी लिहितेय. (बायपॅप म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशिन.) आम्ही शोधाशोध करत होतो तेव्हा जिकडे तिकडे नुसते भाड्याचे रेट दिसायचे, बाकी काही कळायचं नाही. रेट खाली सांगतेच, पण माझं ऐकाल तर मशिनपेक्षा ते लावायला घरी येणारा माणूस कसा आहे ते बघून दुकान ठरवा.

आधी थोडं आईबद्दल. तिने जन्मात विडी-सिगरेटला हात लावलेला नाही, पण सावंतवाडीकडे गावाला अर्धं आयुष्य ओल्या लाकडाच्या चुलीपुढे गेलं आणि डॉक्टर म्हणाले की तो धूरसुद्धा फुफ्फुसांचं तेवढंच वाटोळं करतो. पावसाळ्यात छातीत इन्फेक्शन झालं, रक्तातला सीओटू, म्हणजे श्वासावाटे बाहेर पडायला हवा तो कार्बन डायऑक्साइड, इतका वाढला की ती हाक मारली तरी नीट ओ देईना, मग आयसीयू. तिथे घट्ट मास्क लावून मशिनवर ठेवली आणि घशात नळी घालायची वेळ आली नाही. ह्या मास्कवर १९९५ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला होता, ८५ पेशंटचा, त्यात नुसत्या नेहमीच्या उपचारांवर होते त्यांच्यापैकी ७४ टक्क्यांना नळी घालावी लागली आणि मास्कवाल्यांपैकी २६ टक्क्यांना, मृत्यूही २९ टक्क्यांवरून ९ वर आले. तेव्हापासून सीओपीडीच्या अशा अटॅकमध्ये डॉक्टर आधी मास्कच लावतात.

घरी कशाला पाहिजे मग, हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक नातेवाईकाने विचारला. कारण असं की अटॅक ओसरला तरी काही जणांचा सीओटू खाली येतच नाही. इंग्लंडमध्ये अशाच पेशंटवर अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला, ११६ जण होते, अर्ध्यांना घरी फक्त ऑक्सिजन आणि अर्ध्यांना ऑक्सिजन अधिक रात्रीचं मशिन. वर्षभरात परत ॲडमिट होण्याचं किंवा दगावण्याचं प्रमाण नुसत्या ऑक्सिजनवाल्यांत ८० टक्के आणि मशिनवाल्यांत ६३ टक्के. आणि ह्यात त्यांनी सगळ्यांना घेतलं नव्हतं बरं का, अटॅक बरा झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी परत रक्त तपासून ज्यांचा सीओटू तेव्हाही ५३ च्या वर होता त्यांनाच घेतलं. म्हणून आमच्या डॉक्टरांनीही नंतर परत एबीजी, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंची टेस्ट, करायला लावली आणि मगच मशिन चालू ठेवायचं नक्की केलं. सुई मनगटाच्या धमनीत जाते, दुखतं, पण ती टेस्ट टाळू नका, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर सीओटू दाखवत नाही.

आता दुकानं. पहिल्यांदा प्रिन्सेस स्ट्रीटला गेलो कारण सर्जिकल म्हटलं की सगळे तिकडेच पाठवतात. एका दुकानदाराने आमचा कागद न वाचताच सीपॅप काढून समोर ठेवलं, "एकच असतं हो ताई, हे स्वस्तात पडेल" म्हणे. अजिबात एकच नसतं! सीपॅप एकाच दाबाने हवा देत राहतं, घोरणाऱ्यांना, झोपेत ज्यांचा श्वास अडतो त्यांना ते ठीक. बायपॅपमध्ये श्वास आत घेताना जास्त दाब आणि सोडताना कमी, आणि ह्या दोन दाबांतल्या फरकामुळेच छाती भरते आणि सीओटू बाहेर पडतो. आईच्या कागदावर तर एसटी मोड लिहिलेला, म्हणजे ठरलेल्या वेळात तिने स्वतःहून श्वास घेतला नाही तर मशिन देणार. मी तिथून सरळ उठले. कागदावर काय लिहिलंय ते वाचत नाही त्याच्याकडून श्वासाचं मशिन घ्यायचं नाही एवढं तर नक्की.

मग परळला, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक छोटं दुकान आहे, वॉर्डातल्या सिस्टरने सांगितलं होतं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, एबीजीचा रिपोर्ट आणलाय का. संध्याकाळी त्यांचा टेक्निशियन भांडुपला घरी मशिन घेऊन हजर, तरुण मुलगा, चपला काढून आत आला आणि आधी आईजवळ बसला.

आमच्याकडे हॉस्पिटलातून आणलेला मास्क होता, महागातला, बिलात लागलेला, म्हटलं तोच वापरू. त्याने हातात घेतला, नळी जोडायचा निळा कोपरा बघितला आणि बाजूला ठेवला. "हा घरी चालणार नाही ताई, ह्याला हवा सोडायला भोकंच नाहीत." आयसीयूच्या व्हेंटिलेटरला दोन नळ्या असतात, एकीतून हवा येते दुसरीतून जाते, म्हणून तिथल्या मास्कला भोकं लागत नाहीत. घरच्या बायपॅपला नळी एकच, त्यामुळे सोडलेला श्वास मास्कच्या किंवा नळीच्या भोकांतूनच बाहेर पडायला हवा, नाहीतर पेशंट स्वतःचाच सीओटू परत आत ओढत राहतो. ज्याच्यासाठी मशिन आणलं तेच उलटं होणार! हॉस्पिटलात हे आम्हाला कोणी बोललं नव्हतं. आता माझ्या ओळखीत कोणी मास्क घेऊन घरी आलं की मी आधी त्याचा कोपरा बघते.

मग त्याने कागदाच्या मापाने नाकाच्या वरच्या हाडापासून खालच्या ओठाखालपर्यंत माप घेतलं, आईला कवळी काढू नका म्हणाला कारण कवळी असली की गाल भरलेले राहतात आणि मास्क नीट बसतो. पट्टे लगेच बांधले नाहीत. मशिन कमी दाबावर चालू करून मास्क आईच्याच हातात दिला, "मावशी, तुम्हीच धरा, नको वाटलं की काढा." ती दोन श्वास घेई, काढे, परत लावे. आयसीयूत हात धरून मास्क बांधलेला तिच्या डोक्यात पक्का बसलेला, त्यामुळे हे असं स्वतः धरायला मिळालं तेव्हाच तिची भीती गेली असं मला वाटतं. बऱ्याच वेळाने पट्टे लावले, ते पण दोन बोटं आत जातील एवढेच सैल, मग स्क्रीनवर लीकचा आकडा बघत बघत नाकापाशी जरासं हलवलं कारण हवा डोळ्यांत जात होती.

दाबाच्या बाबतीत पण तो शिस्तीचा निघाला. स्वतःच्या मनाने काही वाढवलं नाही, मशिनच्या कार्डावरचं रीडिंग काढून रोज रात्री किती तास लागलं, लीक किती, ते आमच्या डॉक्टरांना पाठवायचा आणि ते सांगतील तसं थोडं थोडं वाढवायचा. वर सांगितलेल्या इंग्लंडच्या अभ्यासात आत घेतानाचा दाब २४ च्या आसपास नेला होता. एवढा दाब पहिल्याच रात्री दिला तर कोण सहन करेल, म्हणूनच हळूहळू.

ऑक्सिजनचं वेगळंच. कॉन्सन्ट्रेटर पण त्यांच्याकडूनच घेतला, पाच लिटरचा. हा खोलीतली हवा ओढतो, आतल्या झिओलाइटमध्ये नायट्रोजन अडकतो आणि साधारण ९३ टक्के ऑक्सिजन बाहेर येतो, सिलिंडर भरायची कटकट नाही. टेक्निशियनने डॉक्टरांच्या सांगण्यावरून मशिनवर मोठ्या अक्षरात चिकटवलं, "८८ ते ९२", म्हणजे ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजनचा आकडा एवढ्यातच ठेवायचा. घरी येणारा जो तो ऑक्सिमीटर बघून म्हणतो, अगं नव्वदच आहे, वाढव की जरा. नाही वाढवायचा! सीओपीडीमध्ये गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की सीओटू चढतो. २०१० मध्ये टास्मानियाचा अभ्यास छापला होता, ॲम्ब्युलन्समध्ये मोजून ८८ ते ९२ ठेवलेल्या सीओपीडीच्या पेशंटमध्ये भरपूर ऑक्सिजन दिलेल्यांपेक्षा मृत्यू ७८ टक्क्यांनी कमी. मावशी-काकूंना मी हाच आकडा सांगते, मग बोलत नाहीत.

सीओटूकडे लक्ष द्यायला शिकवलं ते मुळात एका भूलतज्ज्ञाने, हे मला नंतर वाचताना कळलं. १९५२ ला कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ होती, ब्यॉर्न इब्सेन नावाच्या डॉक्टरांनी ओळखलं की पेशंट सीओटू साठून जातायत, मग गळ्यात नळी घालून मेडिकलच्या पोरांनी पाळीपाळीने तासन् तास हाताने पिशवी दाबली. आजचे आयसीयू तिथून सुरू झाले. आईला सांगितलं तर तिने त्या पोरांना हात जोडले.

घरातली तयारी पण त्या टेक्निशियननेच बघून दिली. कॉन्सन्ट्रेटर भिंतीला चिकटवायचा नाही, मागचा फिल्टर आठवड्याला धुवायचा, ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीत डिस्टिल्ड पाणीच, आणि आमचं देवघर त्याच खोलीत आहे म्हटल्यावर समई-उदबत्ती बाहेरच्या खोलीत हलवायला लावली कारण ऑक्सिजनजवळ ज्योत नको. आई जरा नाराज झाली पण देव हलले. लाईट गेली तर म्हणून एक बी टाईप सिलिंडर पण ठेवायला सांगितला, त्यात साधारण दीड हजार लिटर असतो म्हणजे मिनिटाला एक लिटर लावला तर दिवसभर पुरतो. मुंबईत कुठे लाईट जाते असं कोणी म्हणेल, पण १२ ऑक्टोबर २०२० आठवा, सकाळी सगळं शहर ठप्प झालं होतं.

एक विचारून घ्या, मशिन कुठलं आणि किती जुनं. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतल्या आवाज कमी करणाऱ्या फोममुळे लाखो सीपॅप-बायपॅप परत मागवली होती, भाड्याच्या बाजारात जुनी मशिन फिरत असतात, तेव्हा मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. आमच्या दुकानाने न मागता दिला.

भाडं बायपॅपचं महिना पाच हजार, कॉन्सन्ट्रेटरचं साडेतीन, डिपॉझिट वेगळं, मास्क विकतच घ्यावा लागतो आणि घ्यायलाच पाहिजे, दुसऱ्याचा वापरलेला नको. प्रिन्सेस स्ट्रीटपेक्षा हे थोडं जास्त आहे, मला चालेल. पाचपैकी चार स्टार देते. एक कापला कारण रविवारी रात्री फोन उचलत नाहीत, मशिन अलार्म देत होतं आणि नळी कुठे निसटलीय ते आम्हीच शोधलं, श्वासाच्या मशिनला रविवार कसला. त्यांना तसं तोंडावर सांगितलंय, मालक म्हणाले दुसरा नंबर ठेवतो. ठेवला की पाचवा स्टार इथे येऊन देईन.