इंजिन नवे बसवावे की गाडीच दुसरी घ्यावी?

गेल्या मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना माझ्या नऊ वर्षांच्या डिझेल गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला, आणि माथा दोनच वळणांवर आहे म्हणून मी गाडी उभी केली नाही. जळगावला मिस्तरींनी ऑइल भरण्याचे झाकण उघडले, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला ताकावर आलेल्या लोण्यासारखा पांढरट, फेसाळ थर होता. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, ऑइलमध्ये उतरले होते. हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, काढून त्यावर लोखंडी पट्टी आडवी धरली, तर पट्टीखालून उजेड दिसला. हेड वाकले होते आणि दोन सिलिंडरांत पिस्टनने खोल ओरखडे ओढले होते. त्याच पावसाळ्यात शहाद्याला राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांच्या तेरा वर्षांच्या लहान पेट्रोल गाडीचेही इंजिन निकामी झाले. मी इंजिन करून घेतले आणि त्यांनी गाडी बदलली. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य होते असे मला आजही वाटते, आणि त्यामागची कारणे अशाच पेचात असलेल्यांना उपयोगी पडावीत म्हणून हा आढावा मांडत आहे.

‘इंजिन गेले’ या दोन शब्दांत चार वेगवेगळे बिघाड मावतात, आणि त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो. केवळ हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची पातळ सीलपट्टी, उडाले असेल, तर हेड लेथवर फेस करून, म्हणजे घासून सपाट करून, नवे गॅस्केट घातल्यावर काम भागते. व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणारा टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकले असतील, तर बहुतेक वेळा नुकसान वरच्या अर्ध्या भागापुरतेच राहते. ऑइल संपून क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) आणि बेअरिंग जळाले असतील, तर खालचा भागही करावा लागतो. आणि पिस्टन व क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाला, भोक पडले असेल, तर ते इंजिन भंगाराचेच. त्यामुळे हेड उघडून पाहण्याआधी कोणी ‘आता गाडी विकून टाका’ किंवा ‘दुसरे इंजिन टाकू’ असे सांगत असेल, तर त्या सल्ल्यावर निर्णय घेऊ नये. उघडण्याची मजुरी वेगळी द्यावी लागली तरी ती द्यावी.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न इंजिन का गेले हा आहे. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि आपल्याकडे कूलंट कमी झाले की बोअरचे पाणी ओतण्याची सवय सर्रास आहे. त्या जड पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचत जातात. माझ्या गाडीचा रेडिएटर कापून पाहिला, तेव्हा खालच्या बाजूच्या नळ्यांत चुन्यासारखा पांढरा गाळ घट्ट बसलेला होता, आणि पुढच्या जाळीत धूळ व कापसाचे तंतू असे गच्च भरले होते की त्यातून वारा जाणे शक्यच नव्हते. हे न पाहता नवे इंजिन बसवले असते, तर तेही पुढच्या मे महिन्यात त्याच घाटात गेले असते. म्हणून इंजिनाच्या खर्चातच रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि होज पाइप यांचा खर्च धरावा. ज्या अंदाजपत्रकात ही चार नावे नाहीत, ते स्वस्त दिसले तरी अपुरे आहे.

इंजिन बसवायचे ठरले, तरी त्यात तीन वाटा आहेत. आहे तेच इंजिन बोर करून, म्हणजे सिलिंडर आतून कोरून, नवे पिस्टन, त्यांवरच्या रिंगा आणि बेअरिंग घालून, क्रँक ग्राइंड करून बांधणे ही पहिली. कंपनीकडून हाफ इंजिन, म्हणजे पिस्टन-क्रँकसह जुळवलेला नवा ब्लॉक, मागवणे ही दुसरी. आणि अपघातग्रस्त गाडीतून निघालेले जुने इंजिन मुंबईच्या कुर्ल्यासारख्या बाजारातून आणणे ही तिसरी. तिसरी वाट सर्वांत लवकर पार पडते आणि अनेकदा सर्वांत स्वस्तही असते, परंतु त्या इंजिनाने किती किलोमीटर आणि कोणत्या ऑइलवर काढले हे सांगणारे कोणीच नसते. गाडी २०२० नंतरची, म्हणजे बीएस-सहा प्रदूषण मानकाची असेल, तर ईसीयू (इंजिनाचा संगणक), सेन्सर आणि वायरिंग जुळवण्याचा वेगळाच ताप होतो. माझे मत स्पष्ट आहे: लेथचे काम नीट करणारा कारागीर हाताशी असेल तर पहिली वाट, नसेल तर दुसरी, आणि तिसरी केवळ गाडी वर्ष-दीड वर्षच चालवायची असेल तेव्हा. मी पहिली निवडली, पण दिलेल्या तारखेपेक्षा तीन आठवडे जास्त लागले, कारण ज्या लेथवाल्याकडे आधी इंजिन नेले होते, त्याने बोर एका मापाचा आणि पिस्टन दुसऱ्या मापाचे धरले होते. पिस्टन हातात आल्याशिवाय बोर करू देऊ नये, हे मला तेव्हा कळले.

दुसऱ्या गाडीची बाजू पाहताना लोक एक चूक करतात: इंजिनाला लाख-सव्वा लाख लागतात हे ऐकले की ‘एवढ्यात तर दुसरी गाडी येते’ असे म्हणतात. येते, हे खरे. पण त्या किमतीला येणारी गाडी सहसा आपल्या गाडीइतकीच किंवा तिच्याहून जुनी असते, आणि तिचे इंजिनही त्याच वयाचे असते. हिशेब असा मांडावा. समजा, चालू स्थितीत आपल्या गाडीची किंमत २ लाख ८० हजार आहे, बंद स्थितीत तिचे ९० हजार मिळतात आणि दुरुस्तीला १ लाख २० हजार लागतात. दुरुस्ती केली, तर न मिळालेले ९० हजार धरून आपण २ लाख १० हजार गुंतवतो आणि ताजे इंजिन असलेली, खोडी माहीत असलेली गाडी आपल्याकडे राहते. तेवढ्याच २ लाख १० हजारांत बाजारात यापेक्षा चांगली गाडी मिळते का, एवढाच प्रश्न उरतो; आणि दुसऱ्या गाडीच्या किमतीत नावावर करण्याचा खर्च, विमा, चार टायर आणि पहिल्या महिन्यात निघणारी कामे मिळवावी लागतात. गाडीवर गेल्या वर्षी केलेला खर्च या हिशेबात मुळीच धरू नये, कारण तो कोणत्याही वाटेने परत येणार नाही.

मात्र हा हिशेब मेहुण्यांच्या बाबतीत उलटा निघाला. त्यांच्या गाडीचा तळपत्रा गंजला होता, दुसरा गिअर निसटत होता आणि पंधरा वर्षांची नोंदणी संपायला दोनच वर्षे उरली होती. नूतनीकरणासाठी तपासणी आणि ५ हजार रुपये शुल्क लागते. पण शुल्कापेक्षा तपासणीत गंजलेला पत्रा उतरेल का, ही शंका मोठी होती. इंजिनावर पैसे घातले असते, तर चांगले इंजिन खराब गाडीत बसले असते. शिवाय त्यांना महिन्यातून दोनदा सुरतला दवाखान्यात जावे लागते, आणि रात्री नवापूरच्या पुढे गाडी बंद पडणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यांनी गाडी आहे तशी विकली आणि शिरपूरच्या एका परिचित शिक्षकांची पाच वर्षांची पेट्रोल गाडी घेतली.

ती घेताना त्यांनी दोन गोष्टी कसोशीने पाळल्या. सकाळी इंजिन पूर्ण थंड असतानाच गाडी पाहिली, कारण गरम करून ठेवलेले इंजिन बरेच दोष झाकते. आणि इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढून धुराचा जोर पाहिला. झाकणातून फसाफसा धूर येत असेल, तर रिंगा गेल्या आहेत असे समजावे आणि तिथूनच परत फिरावे.

गुजरात किंवा मध्य प्रदेशातून स्वस्त गाडी आणण्याचा मोह आपल्याकडे स्वाभाविक आहे, कारण सुरत, सेंधवा आणि बऱ्हाणपूर पुण्यापेक्षा जवळ आहेत. परंतु त्यासाठी त्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रात नवी नोंदणी आणि नव्याने कर लागतो. हे सारे मिळवल्यावर किमतीतला फरक बहुधा उरत नाही. कोरी गाडी घ्यावी का, यावर एवढेच सांगतो की २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या लहान गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या गाडीचा मालक त्याआधीचा भाव सांगत असेल तर तो मान्य करू नये.

कागदपत्रांत दोन्ही वाटांवर काळजी हवी. ब्लॉक बदलला की इंजिन क्रमांक बदलतो, आणि हा बदल आरटीओला कळवून आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, चढवून घ्यावा लागतो. त्यासाठी इंजिनाचे पक्के बिल हवेच, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी क्रमांक जुळत नाही म्हणून दावा अडवू शकते. साध्या विम्यात यांत्रिक बिघाड धरलेला नसतो, त्यामुळे निकामी झालेल्या इंजिनाचा खर्च तिथून मिळेल असे गृहीत धरू नये. गाडी विकणाऱ्याने मात्र आपला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्यात साठलेली सवलत, सोडू नये; तो गाडीचा नसून मालकाचा असतो आणि दुसऱ्या गाडीच्या विम्यात वापरता येतो. मेहुण्यांना हे विक्रीच्या आदल्या दिवशी कळले, आणि त्यांची साठलेली सवलत वाचली.

माझ्या गाडीने बांधलेल्या इंजिनावर पहिले हजार किलोमीटर धुळे-जळगाव रस्त्यावरच काढले, भरधाव न नेता आणि ओझे न भरता. त्यानंतर ऑइल बदलले, तेव्हा ते स्वच्छ निघाले. कूलंटची बाटली आता डिकीत असते, आणि कन्नडचा घाट लागला की माझी नजर आधी काट्यावर जाते.