जुनी मिआटा: १० अंश आणि साधं पेट्रोल, की १४ आणि प्रीमियम?

धाकट्या भावाने कॅलिफोर्नियात १९९० ची माझदा मिआटा, ही दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, घेतली. आता प्रश्न: टायमिंग (पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते) मूळच्या १० अंशांवर ठेवून साधं ८७ ऑक्टेन पेट्रोल भरायचं, की १४ वर नेऊन प्रीमियम ९१? ऑक्टेनचा आकडा जितका मोठा, तितकं पेट्रोल अवेळी पेटून खडखड करण्याची शक्यता कमी.

खर्चात ८७ स्वस्त. मेहनत फारशी नाही: टायमिंग लाइट (टायमिंग दाखवणारा लुकलुकता दिवा) लावून कॅम अँगल सेन्सर, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवायला इंजिनाची स्थिती कळवणारा भाग, किंचित फिरवायचा. १४ वर कमी आरपीएमलाही गाडी पायाला लगेच ओ देते, हे मात्र खरं सुख! पण चढावर इंजिनातून खडखड आली की टायमिंग लगेच मागे घ्या. या १.६ लिटरच्या इंजिनाला नॉक सेन्सर (ही खडखड ओळखणारा सेन्सर) नाही, राखण तुमच्या कानांनीच करायची. शिवाय स्मॉग चाचणीआधी (कॅलिफोर्नियातली धुराची तपासणी) पुन्हा १० वर आणायचं. टायमिंग न बदलता नुसतं ९१ भरणं म्हणजे पैसे वाया.

रोज ऑफिसला न्यायची तर १० आणि ८७. फक्त रविवारी डोंगरातल्या वळणांवर काढायची असेल, तर १४ आणि ९१.