जुन्या प्रियसचे दिवे विझेनात: स्कॅनर, डीलर की हायब्रिडवाला?

तुमची टोयोटा प्रियस, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि मोठी बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी, २००४ ते २०१५ मधली आहे, लाल त्रिकोण आणि चेक इंजिन दोन आठवडे हटत नाहीत, आणि काचेवरचा इन्स्पेक्शनचा, म्हणजे सक्तीच्या सरकारी तपासणीचा स्टिकर पुढच्या महिन्यात संपतोय. मग घरात एकच वाद: डीलरकडे टाकायची, कुणीतरी सांगितलेल्या हायब्रिडवाल्याकडे (अशाच गाड्या दुरुस्त करणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडे) न्यायची, की स्कॅनर आणून आपणच बघायचं? न्यू जर्सीत मी तिन्ही करून बसलोय, म्हणून मत आधीच सांगतो. सुरुवात स्कॅनरने करा, काम हायब्रिडवाल्याला द्या आणि डीलरकडे फक्त दोन कारणांसाठी जा.

तिघांच्याही आधी मात्र मागच्या डिकीत, उजव्या कोपऱ्यात दडलेली बारा व्होल्टची छोटी बॅटरी बघा. साध्या गाडीत ही बॅटरी म्हातारी झाली की स्टार्टर कण्हायला लागतो, आपल्याला कळतं. प्रियसमध्ये इंजिन मोठी बॅटरी फिरवते, छोटीचं काम फक्त कॉम्प्युटर जागे करायचं. त्यामुळे ती कण्हत नाही. ती कॉम्प्युटरना अर्धवट झोपेत उठवते, आणि मग एबीएस, ब्रेक, घसरण्याचा पिवळा दिवा, लाल त्रिकोण असे सगळे एकदम पेटतात. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटर लावा. साडेबाराच्या आसपास असेल तर ठीक, बाराच्या खाली असेल तर बाकी सगळी चर्चा थांबवा. गाडी ‘रेडी’ झाल्यावर, म्हणजे चालायला तयार असा दिवा लागल्यावर, तो आकडा चौदाच्या जवळ जायला हवा. बदलताना प्रियससाठीचीच घ्या. ती गाडीच्या आत बसते, तिच्यातला वायू बाहेर सोडायची नळी लागते. वॉलमार्टातली वाटेल ती उचलून चालत नाही.

माझ्या बाबतीत एका डीलरने याच दिव्यांवर हायब्रिड बॅटरी बदलण्याचं कोटेशन हातात ठेवलं होतं. छोटी बॅटरी सात वर्षांची होती. ती बदलली आणि ती गाडी पुढे दीड वर्ष गप्प होती.

आता स्कॅनर. ऑटो पार्ट्सच्या दुकानात फुकट कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक) वाचून देतात किंवा वीस डॉलरचं खेळणं मिळतं, ते दोन्ही बहुतेक वेळा फक्त इंजिनाशी बोलतात. हायब्रिडचा, बॅटरीचा आणि ब्रेकचा कॉम्प्युटर वेगवेगळा असतो. तिन्ही वाचणारा स्कॅनर घ्या, नाहीतर चांगलं ब्लूटूथ ॲडॅप्टर आणि फोनवर डॉक्टर प्रियससारखं ॲप. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, तिथे लावायचं. कोड दिसले की आधी कागदावर उतरवा, मग पुढचं. बऱ्याच जणांचा हात पहिला ‘क्लिअर’वर जातो, आणि मेकॅनिकच्या कामाची निम्मी माहिती तिथेच पुसली जाते. शिवाय कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या नव्याने सुरू होतात. त्या पूर्ण व्हायच्या आत इन्स्पेक्शनला गेलात तर तिथला कॉम्प्युटर ‘नॉट रेडी’ म्हणून परत पाठवतो. आदल्या रात्री दिवा विझवून तिथे जाण्याची युक्ती म्हणूनच चालत नाही.

पी०ए८० हा कोड आला तर मोठी बॅटरी. दुसऱ्या (२००४-०९) आणि तिसऱ्या (२०१०-१५), दोन्ही पिढ्यांत तिच्यात २८ मॉड्यूल, म्हणजे छोट्या बॅटऱ्या असतात, प्रत्येकी ७.२ व्होल्टचं, एकूण २०१.६. कॉम्प्युटर ती दोन-दोनच्या १४ जोड्या करून मोजतो. उभ्या गाडीत सगळ्या जोड्या सारख्याच दिसतात, खरं काय ते चढावर कळतं. आमच्या घरामागच्या चढावर मी जोरात पाय दाबला आणि मुलगी फोन धरून आकडे वाचत होती. बाकीच्या सगळ्या साडेचौदाच्या आसपास, आणि मग ती ओरडली, “बाबा, नववी परत तेरावर आली!” चढ संपला की नववी हळूहळू वर. दोन लाख मैलांनंतर बॅटरीबद्दल तक्रार करण्यात अर्थ नव्हता, पण कुठल्याही कोटेशनपेक्षा हा आकडा हातात असणं मोलाचं. त्याआधी मागच्या सीटच्या कडेची जाळी मात्र बघा. बॅटरीला थंड हवा तिथूनच जाते, आणि घरात कुत्रा असेल तर तिथे केसांची गादी झालेली असते.

डीलरकडे तपासणीचेच दीडशे ते अडीचशे डॉलर जातात, आणि निकाल बहुतेक वेळा ‘पूर्ण भाग बदला’ असाच येतो. त्यात फसवणूकच असते असं नाही. एखादं मॉड्यूल उघडून बघणं त्यांच्या कामात बसत नाही. पण दोन कारणांसाठी तिकडे जावं लागू शकतं. एक, रिकॉल, म्हणजे कंपनीने सदोष गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं. एनएचटीएसए या अमेरिकी वाहतूक सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर गाडीचा १७ अक्षरी विन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) टाका, बाकी असलेली दुरुस्ती फुकट होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने तिसऱ्या पिढीच्या सुमारे १९ लाख प्रियस इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरजोगी करणाऱ्या भागाच्या) सॉफ्टवेअरसाठी परत बोलावल्या होत्या. सेकंडहँड घेतलेल्या गाडीत आधीच्या मालकाने ते केलंच असेल असं धरू नका. दुसरं कारण ब्रेक. गाडी ‘रेडी’त ठेवा, एसी आणि रेडिओ बंद करा, ब्रेकवरून पाय काढा, ऐका. बॉनेटखालून दर काही सेकंदांनी पंपाचा घुर्र आवाज येत असेल तर ब्रेकचा साठवलेला दाब आतल्या आत गळतोय. सोबत सी१३९१ हा कोड असेल तर मग शंका नको. दाब साठवणारा हा भाग नवा बसवल्यावर ब्रेकमधली हवा टोयोटाच्या टेकस्ट्रीमसारख्या सॉफ्टवेअरने काढावी लागते. ज्याच्याकडे तसं सॉफ्टवेअर आहे त्याच्याकडेच जा, मग तो डीलर असो वा हायब्रिडवाला, आणि तोपर्यंत लाल ब्रेकच्या दिव्यावर टर्नपाइकसारखा महामार्ग धरू नका.

हायब्रिडवाला निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: जोड्यांचे आकडे चालत्या गाडीत दाखवाल का? हो म्हणाला तर पुढे बोला. “एकच मॉड्यूल बदलून देतो, दोनशेत” म्हणाला तर चहा पिऊन घरी या. पंधरा वर्षं झिजलेल्या सत्तावीसांत एक ताजं घातलं की पुढच्या उन्हाळ्यात दुसरं कुणीतरी मान टाकतं. ही विझवाविझवी वर्षभर करणारे दोघं मला माहीत आहेत.

मग रिफर्बिश्ड पॅक की नवा? जुळवून बनवलेला पॅक बसवून साधारण बाराशे ते अठराशे डॉलरला पडतो, टोयोटाचा नवा पंचवीसशेपासून पुढे. गाडी अजून तीन-चार वर्षं रोज चालवायची असेल तर मी नवाच घालेन, कारण दुसऱ्यांदा मजुरी द्यायची नाही. वर्षभरासाठी मुलाला कॉलेजात जायला हवी असेल तर रिफर्बिश्ड पुरे, पण वॉरंटी लेखी घ्या. घरी स्वतः उघडायचा विचार असेल तर मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा केशरी सर्व्हिस प्लग काढून दहा मिनिटं थांबणं आणि हजार व्होल्टचे हातमोजे, यातलं काहीही गाळू नका.

सोपं प्रकरण म्हणजे पी०ए९३. इन्व्हर्टरचं पाणी फिरवणारा छोटा पंप बंद पडला की हा कोड येतो. बॉनेट उघडा, गाडी ‘रेडी’त असताना इन्व्हर्टरच्या टाकीत डोकावा. पाणी खळबळत नसेल तर पंप गेला. शे-दीडशे डॉलरचा भाग आहे, कुठलाही बरा मेकॅनिक बसवेल. दुसऱ्या पिढीच्या काही गाड्यांत याच पंपासाठी २०१२ मध्ये रिकॉल होता, तेव्हा पुन्हा विन नंबर.

पुण्यात माझ्या मावसभावाकडे जुनी कॅमरी हायब्रिड आहे, २०१३ नंतर टोयोटाच्या बिडदीच्या कारखान्यात (बंगळुरूजवळ) जोडलेली. तिच्यात ३४ मॉड्यूल, पण खेळ हाच. त्याच्या आसपास हायब्रिड उघडणारा माणूस मिळेना, म्हणून तो स्कॅनर लावून आकडे घेतो आणि तेच घेऊन सर्व्हिस सेंटरला जातो. आकडे दाखवले की समोरच्याचं बोलणं बदलतं, असं तो म्हणतो; मलाही तोच अनुभव.

तिसऱ्या पिढीची, म्हणजे २०१० ते २०१५ ची गाडी असेल तर बॅटरीवर पैसे टाकायच्या आधी इंजिन बघा. सकाळी थंड गाडी सुरू होताना अर्धा मिनिट थडथडते आणि मिसफायरचे, पी०३०१ सारखे कोड येतात का? ईजीआर कूलर (इंजिनात परत फिरवलेला धूर थंड करणारा भाग) काजळीने तुंबतो, आणि पुढे हेड गॅस्केट (सिलिंडरवरचं सील) जाऊन सिलिंडरमध्ये पाणी उतरतं. अशा गाडीत नवा पॅक घालणं म्हणजे पाडायच्या घराला रंग. इंजिनाच्या कूलंटच्या टाकीवर आज पेनने रेघ मारा, दर रविवारी थंड गाडीत बघा, आणि महिन्याभरात पातळी बोटभर खाली गेली तर बॅटरीवाल्याला फोन करू नका.