रॉटवायलर आणि अकरा महिन्यांचं ट्रेनिंग: सांगलीतला माझा अनुभव

बाजी, आमचा रॉटवायलर कुत्रा, आमच्याकडे आला तेव्हा चौदा महिन्यांचा होता. दिरांची बदली झाली, नव्या गावात रॉटवायलर म्हटल्यावर कुणी भाड्यानं घर देईना, म्हणून तो विश्रामबागला आमच्या दारात आला. त्याचं वजन ४४ किलो, माझं ५६. आमचे हे आठवड्यातले पाच दिवस फिरतीवर असतात, त्यामुळे पट्टा माझ्याच हातात. चौथ्या दिवशी दूधवाल्या दादांची मोटारसायकल किटल्या वाजवत आली आणि बाजीनं अशी झेप घेतली की मी गेटवर आपटले. मनगट तीन आठवडे बांधून ठेवावं लागलं. समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, तुला आवरंना झालंय तर ठेवलंस कशाला?" त्यांचा नातू चार वर्षांचा आहे. त्यांच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं.

म्हणून ट्रेनर शोधायला लागले, आणि तिथंच पहिली अडचण आली. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र पाठवलं होतं: पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो वगैरे २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री बंद करा, आधीच पाळलेल्या कुत्र्यांची नसबंदी करा. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्लीच्या हायकोर्टांनी ते पत्र रद्द ठरवलं. पण लोकांच्या लक्षात यादी राहिली, निकाल राहिला नाही. फोनवर जात सांगितली की समोरून "रॉटी नको मॅडम, लॅब्रॅडॉर असता तर आलो असतो" असं उत्तर यायचं. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे पशु कल्याण मंडळानं २०१५ सालीच स्पष्ट केलंय. ते मी छापून ठेवलंय. पण आपला कुत्रा सांभाळण्यात हयगय झाली आणि कुणाला धोका पोचला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पाळायचा हक्क आहे हे खरं, पण तो कागद दाखवून काकूंच्या नातवाची भीती जाणार नव्हती.

शेवटी एक जण तयार झाला. शहराबाहेर त्याचं शेड होतं. कुत्रा २८ दिवस तिथं ठेवायचा आणि तयार करून परत न्यायचा, फी १८,००० रुपये. रोज व्हिडिओ यायचे. बाजी बसतोय, झोपतोय, हात देतोय. मला फार आनंद व्हायचा. एकदाही प्रत्यक्ष जाऊन बघितलं नाही, ही माझी चूक.

परत आला तेव्हा त्या माणसानं "सिट" म्हटलं की तो खाली बसायचा. मी म्हटलं की गेटकडं बघायचा. तेवढ्यावर भागलं असतं तर पैसे गेले म्हणून गप्प बसले असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सासऱ्यांनी, अप्पांनी, फिरायला जायचं म्हणून दारामागची काठी उचलली. बाजी भिंतीला चिकटला, खाली मुतला, आणि ओठ वर करून सगळे दात दाखवले. तोंडातून आवाज मात्र नाही. आधी तो नको असेल तिथं गुरगुरायचा. आता ते गुरगुरणंच गेलं होतं. मला तेव्हा कळलं नाही, पण यातलं सगळ्यात घातक हेच. गुरगुरणं म्हणजे कुत्र्यानं दिलेली सूचना असते. त्याबद्दल मार बसला की तो सूचना देणं सोडतो, राग आणि भीती आत तशीच राहते. असा कुत्रा सरळ चावतो.

दुसरा ट्रेनर मिरजेतल्या आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सुचवला. हा कोल्हापूरहून रविवारी यायचा, एका फेरीचे ७०० रुपये. पहिल्या रविवारी त्यानं बाजीला हातही लावला नाही. तासभर नुसते प्रश्न विचारले. खातो काय, झोपतो कुठं, जेवण कोण घालतं, कुठल्या बाजूनं पट्टा अडकवला की मान फिरवतो. मग म्हणाला, आधी कान दाखवून या. डाव्या कानात आतपर्यंत संसर्ग निघाला. दुखणारं जनावर काय शिकणार? औषधाचे पंधरा दिवस झाल्याशिवाय त्यानं एकही धडा दिला नाही. त्या दिवशीच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

नंतरचं सगळं काम माझ्या हातांनी झालं. तो बाजूला उभा राहून सांगायचा, पट्टा माझ्याकडं. घरात आधी शब्द ठरवले, कारण अप्पा "बैस" म्हणायचे, मुलगी "सिट" आणि मी "खाली बस". बाजीनं ऐकायचं कुणाचं? आता सगळ्यांचे चारच शब्द: बस, थांब, ये, सोड. खाऊ म्हणजे उकडलेलं चिकन, नखाएवढे तुकडे, आणि तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून चारदा. वीस मिनिटं एकदम केलं की तो कंटाळतो आणि माझा आवाज चढतो.

मोटारसायकलचं सविस्तर सांगते, कारण खरं शिक्षण मला तिथं झालं. दूधवाले दादा बिचारे तयार झाले. गल्लीच्या टोकाला, साधारण चाळीस पावलांवर, ते गाडी बंद करून किटल्या हलवायचे. मी बाजीकडं बघायची. त्याचं उघडं तोंड मिटलं, कान पुढं आले, शेपूट थिजलं आणि भार पुढच्या पायांवर गेला की समजायचं, अंतर कमी पडलं. मग ओरडायचं नाही, ओढायचं नाही, त्याला घेऊन मागं यायचं. किटली वाजली आणि तरी तोंड उघडं राहिलं की लगेच "शाब्बास" आणि तुकडा. आठ-दहा दिवसांनी किटली वाजली की तो माझ्या हाताकडं बघायला लागला. चाळीस पावलांची पंधरा व्हायला अडीच महिने लागले. पाचच्या आत आम्ही अजून गेलेलो नाही, आणि मला त्याची घाईही नाही.

सामानात सगळ्यात उपयोगाचं ठरलं जाळीचं मुसकं, १,४०० रुपये. बैलाला घालतात तसंच, फक्त मऊ रबराचं. कापडी मुसकं घेऊ नका. कुत्र्याचं अंग मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकण्यानंच थंड होतं, आणि सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये तोंड बांधून ठेवलं तर जिवावर बेतेल. जाळीतून त्याला तोंड उघडता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे. घालायची सवय दह्यानं लावली. आतून बोटभर दही लावायचं आणि मुसकं नुसतं हातात धरायचं, नाक त्यानं आपणहून घालायचं. पहिले सहा दिवस बक्कल लावलंच नाही. आता मी मुसकं उचललं की तो स्वतःच तोंड पुढं करतो. छातीवर कडी असलेला हार्नेस आणि दहा मीटरची लांब दोरी यांचेही पैसे वसूल झाले. जुनी चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, मी भंगारात दिली.

काठीला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती आधी जमिनीवर आडवी ठेवली आणि आजूबाजूला चिकनचे तुकडे. मग अप्पांनी खुर्चीत बसून नुसती हातात धरायची. मग उभं राहायचं. मग एक पाऊल. अप्पा ७८ वर्षांचे, गुडघे दुखतात, पण रोज संध्याकाळी त्यांनी हे मनापासून केलं. "त्याला मारलंय कुणीतरी, त्याचं आपल्याला फेडायला पायजे," म्हणायचे. पाच महिन्यांनी एका संध्याकाळी बाजी त्या काठीवरच हनुवटी टेकून झोपला. अप्पांनी तासभर पाय हलवला नाही.

उणं काय, तेही लिहिते. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेला पाणी वाढलं की ट्रेनरला कोल्हापूरहून येता यायचं नाही, तीन रविवार गेले. दुसरा नर कुत्रा दिसला की बाजी अजून ताठ होतो, त्यामुळे मटणाच्या दुकानांकडचा रस्ता आम्ही टाळतो. मिरवणुकीच्या दिवशी त्याला मागच्या खोलीत पंखा लावून ठेवते, तिथं ट्रेनिंगची परीक्षा घेत नाही. एकूण २६ फेऱ्या झाल्या, १८,२०० रुपये. म्हणजे त्या २८ दिवसांएवढाच खर्च.

ज्यांच्याकडं असाच मोठा कुत्रा आहे त्यांनी पैसे देण्याआधी ट्रेनरला एवढं विचारा: कुत्र्यानं चूक केली तर तुम्ही नेमकं काय करता? मी पूर्ण वेळ समोर थांबू शकते का? गुरगुरला तर काय? शेवटच्या प्रश्नावर "गुरगुरणं मी बंद करतो" असं उत्तर आलं तर तिथूनच परत या.

काकू अजून बाजीला हात लावत नाहीत, आणि लावावा अशी माझी अपेक्षाही नाही. पण पूर्वी आम्ही दिसलो की नातवाला उचलून आत पळायच्या. आता त्याचा हात धरून गेटात उभ्या राहतात आणि विचारतात, "मुसकं घातलंयस न्हवं?" मी "हो काकू" म्हणते, पट्टा आखडून घेते आणि आम्ही रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जातो.